पिकाचूची पिवळी आवृत्ती

जपानमधील सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. त्यातूनच 'पोकेमॉन' या खेळाची कल्पना उदयास आली. 1996 साली 'गेम बॉय' या हातात धरून खेळावयाच्या यंत्राकरिता त्याच्या तांबडी व हिरवी अशा दोन आवृत्त्या निघाल्या. त्यांत आरंभी तीन प्राण्यांतून आपला सोबती निवडता येई. 1998 च्या पिवळ्या विशेष आवृत्तीत ही निवडच नाही. पिकाचू नावाचा विजेचा प्राणी पदरी पडतो आणि खेळाडूच्या मागोमाग चालू लागतो. मागे वळून त्याची विचारपूस करावी, म्हणजे मुद्रेवरून त्याचा लोभ वा रोष कळतो. लढाईत तो मूर्च्छित पडला, की त्याची माया उणावते. इतर आवृत्त्यांतील पिकाचू एका विशिष्ट दगडाच्या योगे अधिक बलवान 'रायचू' होतो. हा मात्र तो दगड साफ नाकारतो. बळावर जिंकावयाच्या खेळात असला हट्टी सोबती! शिवाय पहिल्याच मोठ्या लढतीत ब्रॉकच्या पाषाणदेही प्राण्यांवर त्याची वीज मुळीच चालत नाही. मग खेळाडूने काय करावे? वाट वाकडी करून पश्चिमेच्या गवतात 'मँकी' हे लढाऊ माकड पकडावे, त्याला शिकवून तयार करावे. पिकाचू तेव्हाही मागोमाग असतोच.