चोकच्या ट्यूबा बदलाव्यात का?

प्रश्न : राहुरी तालुक्यात आमचं घर आणि गोठा आहे. चोकवाल्या चार जुन्या ट्यूब रोज सहा तास जळतात. एलईडी लावून बिलात खरंच फरक पडेल का? – एक वाचक

उत्तर : पडेल. ट्यूबवर ४० वॅट लिहिलेलं असलं, तरी तांब्याचा चोक धरून ती साधारण ५५ वॅट खाते. तेवढाच उजेड २० वॅटची एलईडी पट्टी देते. चार पट्ट्यांमागे महिन्याला २५ युनिट वाचतात. तुमचा वापर १०० युनिटांच्या थोडा वर असेल, तर फायदा जास्त. कारण महावितरणच्या घरगुती दरात १०० नंतरचं युनिट जवळपास दुप्पट महाग पडतं.

जुन्याच फिटिंगमध्ये एलईडी ट्यूब घालणार असाल, तर वायरमनकडून चोक आणि स्टार्टर काढूनच घ्या. दुकानदार हे क्वचितच सांगतात. गोठ्यात धूळ, ओल फार. तिथे 'आयपी ६५' लिहिलेली बंद पट्टी लावा. गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं, त्यात एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे तिचं आतलं सर्किट, आधी जातो. म्हणून रस्त्यावरचा स्वस्त माल नको. भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी खूण, जास्त व्होल्टेज सोसण्याची क्षमता आणि पक्कं वॉरंटी बिल पाहा.

चारही एकदम परवडत नसतील, तर सर्वांत जास्त वेळ जळणारी ट्यूब आधी बदला.