आपत्तीत सापडलेली लेकरे व आपले दान

पाठ : प्रेषितांची कृत्ये ११ : २७–३०

क्लौद्य कैसराच्या काळी मोठा दुष्काळ पडणार असे ऐकून अंत्युखिया येथील शिष्यांनी, प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, यहूदीयातील बंधुजनांस मदत पाठविण्याचे ठरविले, व ती बर्णबा व शौल ह्यांच्या हाती तेथील वडिलांकडे पोहोंचविली. आमच्या उपदेशक बंधूंनी ह्या शेवटल्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. दान आणणाऱ्यांनी ते वाटण्याचा मान आपणाकडे ठेविला नाही. कोणत्या घरी किती तोंडे, कोण विधवा, कोण पोरके, हे ज्यांस ठाऊक त्यांच्या स्वाधीन ते केले. पूर किंवा भूकंप झाला म्हणजे आपण नेमकी हीच गोष्ट प्रथम विसरतो.

२६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राची प्रचंड लाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मेली. ठिकठिकाणांहून जुन्या कपड्यांनी भरलेल्या मालमोटारी तिकडे धावल्या. पुष्कळ कपडे कोणी उचलले नाहीत. रस्त्याच्या कडेस त्यांचे ढीग पडून राहिले. ज्या लोकांचे घर व होडी गेली होती त्यांस काय पाहिजे, हे आधी विचारले गेले नव्हते, इतकेच.

कपड्यांनी निदान कोणी आजारी पडत नाही. दुधाच्या भुकटीची गोष्ट निराळी आहे. मे २००६ मध्ये जावा बेटावर योग्यकर्त येथे भूकंप झाला, तेव्हा तान्ह्या मुलांसाठी भुकटीचे डबे मुक्तहस्ताने वाटण्यात आले. मागाहून चौकशी करता असे दिसले की, ज्या घरी हे डबे मिळाले तेथील बालकांत जुलाबाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. पाणी घाण, सरपण नाही, बाटली उकळावी कोठे? म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईस भाकर व स्वच्छ पाणी द्यावे. तेच तिच्या बाळास दिल्यासारखे आहे.

आता पोरक्या मुलांविषयी. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या व सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा आपल्या आश्रयास घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजराथेतून आणखी शेकडो आणिल्या. केडगावचे मुक्ति मिशन त्यांतूनच वाढले. त्या मुली नीच लोकांच्या हाती लागण्याचे भय खरे होते, व बाईंचे ते धैर्य आम्ही फार मोठे मानतो. परंतु प्रत्येक आपत्तीत मुले उचलून दूर आश्रमात न्यावी, असा बोध त्यावरून कोणी घेऊ नये. एकटे सापडलेले मूल पोरकेच असते असे नाही. त्याची आई दुसऱ्या छावणीत असेल, आजोबा परगावी असतील, थोरली बहीण सासरी असेल.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड माळवदे त्यांच्यावर कोसळली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास जीव गेले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांस शिक्षणासाठी पुण्यास आणिले. शिक्षणासाठी मूल दूर राहणे व आपल्या माणसांपासून कायमचे तुटणे, ह्या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

नागपट्टिनमच्या वेळी तमिळनाडू सरकारने मुले दत्तक देण्याची घाई होऊ दिली नाही. त्यांच्यासाठी गृहे उघडली व अनाथांच्या नावे ठेवी ठेविल्या. हे शहाणपणाचे झाले. भरपाईची रक्कम जाहीर झाली म्हणजे काका-मामांची संख्या वाढते, हे खेड्यातील माणसास सांगावयास नको! २०१५ च्या कायद्याप्रमाणे निराधार सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. १०९८ ह्या क्रमांकावर फोन केल्यास वाट दाखविली जाते. एखाद्या भाविक दात्याने कितीही प्रेमाने मागितले तरी मूल परस्पर देण्याचा अधिकार पाळकास नाही, पंचांसही नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. ज्वारीच्या पोत्याच्या बदल्यात ख्रिस्ती होतात, असा आळ आपल्या वाडवडिलांवर फार वर्षे घेतला गेला, व तो पुष्कळांच्या जिव्हारी लागला आहे. म्हणून मदत वाटताना उपासनेस येण्याची अट घालू नये, नाव बदलण्याविषयी बोलू नये, आणि आपल्या मंडळीच्या घरांपासून आरंभ करू नये. ज्या घराचे नुकसान अधिक ते आधी. उपाशी माणसास होय किंवा नाही म्हणण्याची मोकळीक नसते, मग त्याच्या होकाराचे मोल ते काय?

गावावर असा प्रसंग आल्यास उपदेशकाने पहिल्या दोन दिवसांत वही घेऊन घरोघर जावे. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेर, अंगावरील खूण, कोणाबरोबर आहे, कोणाचा शोध लागत नाही, हे सर्व लिहून घ्यावे. फार लहान मूल स्वतःचे नाव ‘बाळू’ किंवा ‘छकुली’ एवढेच सांगते. अशा वेळी ते कोठे व कोणास सापडले हे लिहिण्यास चुकू नये. यादीच्या दोन प्रती कराव्या. एक तलाठ्यास द्यावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी. मूल शोधीत कोणी महिन्याभराने आले तरी ती वाचून दाखविता यावी.