एकहाती गोठ्याला दूध काढणी यंत्र किती मोठं घ्यावं?

सिल्लोड तालुक्यात मका भरपूर पिकतो, त्यामुळे मुरघासाची सोय होते आणि गाई वाढवायचा विचार मनात येतो. दोनाच्या चार, चाराच्या दहा होतात. वैरण पुरते, पण माणूस पुरत नाही. शेण काढणं, कुट्टी करणं, खुराक देणं, धार काढणं आणि वेळेत दूध डेअरीवर पोचवणं ही सगळी कामं एकाच्याच अंगावर पडतात. मग यंत्र घ्यायचं ठरतं आणि दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "गाई किती?" खरा प्रश्न वेगळा आहे. एका गाईमागे तुमचे हात किती मिनिटं अडकतात, यावर यंत्राचा आकार ठरतो. तो काढण्याची रीत खाली दिली आहे.

काय लागेल: मोबाईलमधलं स्टॉपवॉच, वही-पेन, मोजपट्टी आणि यंत्र वापरणाऱ्या ओळखीच्या एखाद्या गोठ्याला भेट.

१. दुभती जनावरं मोजा

दावणीला असलेली सगळी जनावरं मोजू नका. गाय विण्याआधी साधारण ६० दिवस आटवावी लागते, शिवाय एखादी उशिरा गाभण राहते. १० संकरित गाई असतील तर एका वेळी ७-८ धारेला असतात, असं धरून चाला. वर्षात जास्तीत जास्त किती गाई एकाच वेळी दुधात होत्या ते आठवा आणि तो आकडा लिहा. पुढच्या दोन वर्षांत गोठ्यातल्याच कालवडी विणार असतील तर त्या धरा. "पुढेमागे घेऊ" अशा गाई धरू नका.

२. यंत्राचा आणि हाताचा वेळ वेगवेगळा लिहा

यंत्र असलेल्या गोठ्यावर सकाळ-संध्याकाळ उभं राहून प्रत्येक गाईचे दोन आकडे टिपा.

- यंत्राचा वेळ: सडांना कप लावल्यापासून ते काढेपर्यंत. संकरित गाईला बहुतेक वेळा ५ ते ७ मिनिटं.
- हाताचा वेळ: सड धुणं-पुसणं, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून पाहणं, कप लावणं, काढणं, सड औषधात बुडवणं, बकेट उचलून दूध कॅनमध्ये गाळणं आणि पुढच्या गाईपाशी जाणं. दावणीवर बकेटने काढताना याला साधारण ४ मिनिटं लागतात.

म्हशींचे आकडे वेगळे घ्या. म्हैस पान्हा उशिरा सोडते, पारडू लावायची सवय असेल तर आणखी उशीर. गाईचे आकडे तिला लावले तर हिशेब चुकतो.

३. भागाकार करा

यंत्राच्या वेळेत हाताचा वेळ मिळवा आणि बेरजेला हाताच्या वेळेने भागा. एक माणूस किती क्लस्टर (एका बकेटला जोडलेला चार कपांचा संच) सांभाळू शकतो ते कळेल.

यंत्र ६ मिनिटं, हात ४ मिनिटं. बेरीज १०, भागिले ४, उत्तर अडीच. अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा, म्हणजे २ क्लस्टर.

८ दुभत्या गाईंवर हा हिशेब असा बसतो:

- १ क्लस्टर: सुमारे ८० मिनिटं
- २ क्लस्टर: सुमारे ४० मिनिटं
- ३ क्लस्टर: सुमारे ३२ मिनिटं

दुसऱ्या क्लस्टरने ४० मिनिटं वाचली, तिसऱ्याने जेमतेम ८. कारण तिसऱ्यानंतर यंत्र तुमची वाट पाहतं. एका गाईचं दूध संपलेलं असतं आणि तुम्ही दुसरीची कास धुत असता. तेवढा वेळ रिकाम्या सडांवर निर्वात ओढ चालू राहते, सडाची टोकं कडक होतात आणि काससुजीला दार उघडतं. ८ मिनिटांसाठी हा धोका घेण्यात अर्थ नाही.

४. डेअरीच्या वेळेशी ताळा घाला

आलेल्या मिनिटांत मांडामांड आणि यंत्र धुण्याची मिळून अर्धा तास वाढवा. ही बेरीज संकलन केंद्र बंद व्हायच्या किंवा गाडी निघायच्या वेळेतून उलटी मोजा. ८ गाई, २ क्लस्टर म्हणजे सव्वा तासाच्या आत सगळं आटोपतं. यंत्र धुणं दूध घालून आल्यावर करता येतं, पण लगेच. दूध वाळलेली नळी संध्याकाळच्या दुधाची प्रत बिघडवते.

५. वीज पाहा

शेतातली थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री येते. धारेची वेळ मात्र बदलत नाही. म्हणून सिंगल फेजवर चालणारी मोटार निवडा. दोन बकेटच्या यंत्राला साधारण १ एचपीची मोटार पुरते. गोठा मळ्यात असेल तर जनरेटर किंवा पेट्रोल इंजिन जोडता येईल असा पंप घ्या. वीज गेली म्हणून धार चुकवता येत नाही. हाताने काढायची सवय मोडू देऊ नका.

६. दावण की खड्ड्याचा पार्लर?

पार्लरमध्ये गाई उंचावर आणि माणूस खाली खड्ड्यात उभा असतो. वाकणं आणि बकेट उचलणं वाचतं, हाताचा वेळ दोन-अडीच मिनिटांवर येतो आणि एक माणूस ३ ते ४ क्लस्टर सांभाळतो. मंचरजवळच्या भाग्यलक्ष्मी फार्मसारख्या मोठ्या ठिकाणी तर गोल फिरणारा पार्लर आहे. पण तिथलं गणित हजारो गाईंचं आहे.

एकट्याने ठरवताना असं पाहा:

- १ ते ४ दुभत्या: हाताने किंवा १ बकेट.
- ५ ते १२: दावणीवरच निर्वात पाइप, दोन गाईंमध्ये एक कॉक, आणि २ बकेट.
- १३ ते २०: २ बकेटच, पण वेळ दीड तासाच्या पुढे जाईल. इथे आधी मदतीचा माणूस परवडतो का ते बघा.
- २० च्या पुढे: ४ गाईंचा पार्लर. खड्डा साधारण ३ फूट खोल. तुमच्या उंचीप्रमाणे कमी-जास्त करा. कास कोपराच्या थोडी वर आली पाहिजे.

पार्लर बांधायचा तर गाईंना आत-बाहेर जायला सरळ वाट, न घसरणारी फरशी आणि पाण्याचा उतार यांचा खर्च आधी धरा. फक्त यंत्राची किंमत पाहून खड्डा खणू नका.

७. पैसे देण्याआधी तुमच्याच गाईवर चालवून पाहा

- गेज पाहा. गाईसाठी ४५ ते ५० केपीए, म्हणजे ३४० ते ३७५ मिमी पारा. दोन्ही क्लस्टर लावल्यावर काटा खाली-वर नाचला तर पंप कमी पडतो.
- पंप चालू असताना कपात अंगठा घाला आणि दाबाचे ठोके मोजा. मिनिटाला साधारण ६० ठोके यायला हवेत.
- लायनर (कपातली रबरी नळी) तुमच्या गाईंच्या सडांना नीट बसतो का ते पाहा. रबरी लायनर सहा महिन्यांत किंवा २,५०० धारांनंतर, जे आधी होईल तेव्हा बदलावा लागतो.
- लायनर, पल्सेटर (ठोके देणारा भाग) आणि पंपाचा पट्टा सिल्लोडमध्ये किंवा संभाजीनगरात मिळतो का, आणि मिस्त्री किती तासांत येतो, ते विचारा. पावतीवर लिहून घ्या.
- अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात खरेदीच्या आधी करा, नंतर नाही.

८. यंत्र आल्यावर

पहिले काही दिवस गाईजवळ पंप नुसता चालू ठेवा, आवाज अंगवळणी पडू द्या. कास धुऊन पुसल्यावर एक-दीड मिनिटात कप लावा. पान्हा थोडाच वेळ टिकतो. पहिलारू आणि निरोगी गाई आधी, काससुजी झालेली सगळ्यात शेवटी, आणि तिचं दूध वेगळं.

महिन्याभराने पुन्हा स्टॉपवॉच लावा. हात सरावले की हाताचा वेळ ४ वरून ३ मिनिटांवर येऊ शकतो, आणि तेव्हा भागाकाराचं उत्तर ३ येईल. तिसरी बकेट त्यानंतर घ्या. पंप मात्र सुरुवातीलाच तीन क्लस्टर पेलेल असा घेतला तर पुन्हा खर्च पडत नाही. एकट्याने सांभाळायच्या बहुतेक गोठ्यांना दोन बकेट पुरेशा आहेत. उरलेला पैसा मुरघासात आणि चांगल्या कालवडीत घाला.