नगरपालिकेच्या शाळेतले विद्यार्थी

स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे लोकशाहीच्या प्राथमिक शाळा होत, असे आपण सर्वांनी शाळेत असताना नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. मूळ विचार टॉकव्हिल या फ्रेंच लेखकाचा. अमेरिकेतील लोकशाहीवरील १८३५ सालच्या ग्रंथात त्याने तो मांडला. आपण तो पाठ केला, गुण मिळवले आणि विसरलो. पण शाळा म्हटली की पुढचा प्रश्न ओघानेच येतो. या शाळेतून शिकून बाहेर कोण पडले आणि ते कोठवर गेले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा माग काढण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी वाचकांना माळव्यात, धार आणि देवास या दोन पवारांच्या गावी यावे लागेल.

इंदूरहून एक रस्ता पश्चिमेस धारला जातो, दुसरा ईशान्येस देवासला. दोन्ही मराठ्यांची संस्थाने, दोन्ही १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. त्यांतही देवासची कथा कोणत्याही राज्यशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी, एकाच गावात नांदत होत्या. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. मुख्य रस्त्याची एक बाजू एका सरकारची तर समोरची दुसऱ्या सरकारची, आणि दोन्ही बाजूंची पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्था वेगवेगळी. नगरपालिका नावाची वस्तू कशासाठी लागते, हे याहून सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही. (आपल्या कन्नड विभागातील मित्रांना देवास हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात कोरडी हवा हवी म्हणून १९४८ मध्ये येथे आले आणि येथलेच झाले.)

माळव्यातील मराठी माणूस संख्येने थोडा. संस्थाने गेल्यावर त्याने राजकारणात वर चढायचे कसे? मला तीन वाटा दिसतात. पहिली वाड्याची. देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार अनेक वर्षे आमदार होते, राज्यात मंत्रीही झाले. दुसरी वाट संघटनेची. धार येथे १९२२ साली जन्मलेले कुशाभाऊ ठाकरे संघाचे प्रचारक झाले, पक्षबांधणीत आयुष्य घातले आणि १९९८ ते २००० या काळात भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. निवडणुकीच्या राजकारणात ते फारसे रमले नाहीत. १९७९ च्या पोटनिवडणुकीत खंडव्याहून ते लोकसभेवर गेले, एवढाच त्यांचा लोकसभेतील काळ. तिसरी वाट नगरपालिकेची. ती मात्र धारला किंवा देवासला नव्हे, मधल्या इंदूरला सापडते. तिन्ही वाटांत हीच सर्वांत कमी मळलेली आहे.

सुमित्रा महाजन यांचा जन्म १९४३ सालचा, चिपळूणचा. माहेरचे आडनाव साठे. लग्न होऊन त्या इंदूरला आल्या आणि तेथेच एम. ए. व कायद्याचे शिक्षण पुरे केले. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या इंदूर महापालिकेत गेल्या व १९८४-८५ मध्ये उपमहापौर झाल्या. स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ मधली, अंमल १९९३ पासून. म्हणजे त्या आल्या तेव्हा असा कोणताही आधार नव्हता. १९८५ ची विधानसभा निवडणूक त्या हरल्या. येथे बहुतेकांचे राजकारण संपते. विधानसभा त्यांना पुढेही कधी लाभली नाही. मधली पायरी गाळूनच त्या १९८९ मध्ये लोकसभेला उभ्या राहिल्या, आणि समोर होते प्रकाशचंद्र सेठी. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. त्या निवडून आल्या. त्यानंतर १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकच मतदारसंघ, सलग आठ वेळा. १९९९ ते २००४ या काळात त्या केंद्रात राज्यमंत्री होत्या, जून २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षा झाल्या, आणि २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

पक्षाची लाट होती, असे यावर कोणी म्हणेल. १९८९ मध्ये लाट होती हे खरे. पण लाट आठ वेळा येत नाही. २००४ आणि २००९ मध्ये तर देशात त्यांच्या पक्षाची पीछेहाट झाली. शिवाय इंदूर हिंदीभाषक शहर. केवळ मराठी मतांवर तेथे लोकसभेची जागा निघत नाही. शहर त्यांना ‘ताई’ म्हणत असे, मराठी नसलेलेही. हा शब्द भाषणांनी मिळत नाही. नळाला पाणी का नाही, गटार का तुंबली, लग्नाला मांडव कोठे घालू, असल्या प्रश्नांना जो दारात उभा राहून उत्तर देतो त्याला तो मिळतो. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये पोहोचले. त्या शहरात पाण्याचा प्रश्न म्हणजे काय, हे नगरसेवकाला सांगावे लागत नाही.

येथवर ही एका व्यक्तीची कथा झाली. परंतु लोकसभेच्या अध्यक्षांची यादी समोर ठेवली तेव्हा जे दिसले त्याने मी चकित झालो, आणि हा लेख लिहावयास खरे तर तेच कारण झाले. १९५२ पासून चार मराठी भाषक या आसनावर बसले: ग. वा. मावळंकर, शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि सुमित्रा महाजन. चौघांच्याही सार्वजनिक जीवनाच्या सुरुवातीच्या पायऱ्यांत नगरपालिका किंवा महापालिका आहे. शिवराज पाटील १९६७ ते १९६९ लातूर नगरपालिकेत, आणि १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष. मनोहर जोशी १९६८ मध्ये मुंबईचे नगरसेवक, १९७६-७७ मध्ये महापौर, १९९५ मध्ये मुख्यमंत्री व २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष.

मावळंकरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. सुमित्रा महाजनांप्रमाणेच तेही महाराष्ट्राबाहेरचे मराठी. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वरकडच्या मावळंग्याचे (चिपळूण त्याला लागूनच!), जन्म १८८८ साली बडोद्याचा, वकिली अहमदाबादला. १९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेत निवडून गेले. पुढे १९२४ ते १९२८ तेथे वल्लभभाई पटेल अध्यक्ष होते. त्यानंतर १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये मावळंकर अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे सभापतिपद आले. १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले तेव्हा ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या ३ मतांनी जिंकले. १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेतही निवडणूक झालीच, आणि त्यांच्याविरुद्ध उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे पहिले आसन कोणाला मिळावे, हा सामना दोन मराठी माणसांत झाला. मावळंकर मोठ्या फरकाने जिंकले व १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

आता प्रश्न असा, की नगरपालिकेच्या शाळेतून आपल्याकडे अध्यक्षच का निघावेत? पंतप्रधान का निघू नयेत? येथे फ्रान्सचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे गावाला किंवा शहराला ‘मेर’ असतो. नगरमंडळ त्याला निवडते, मुदत ६ वर्षे, आणि शहराचा कारभार तोच हाकतो. जाक शिराक १९६५ मध्ये सँत-फेरेओल या लहानशा गावच्या नगरमंडळात गेले, १९७७ ते १९९५ पॅरिसचे मेर होते आणि तेथून थेट राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रांस्वा ओलांद हे राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी त्यूल या छोट्या शहराचे मेर होते. एदुआर फिलिप ल हाव्रचे मेर होते, २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. शाबां-देल्मास यांची तऱ्हा तर आपल्याला अचंबित करील: ते १९४७ ते १९९५ बोर्दोचे मेर, आणि त्याच काळात कधी राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष तर १९६९ ते १९७२ देशाचे पंतप्रधान! एकाच माणसाने गावची व देशाची पदे एकत्र धरण्याची ही चाल फ्रान्समध्ये इतकी रुळली होती की शेवटी २०१४ मध्ये कायदा करावा लागला. २०१७ पासून खासदाराला मेर राहता येत नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेले इमान्युएल माक्राँ यांनी त्याआधी एकही निवडणूक लढवली नव्हती.

आपली रचना निराळी. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यापासून कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती आहेत. महापौर सभा चालवतो, शहर चालवत नाही. त्याच्यापाशी सही करावयास रक्कम नसते, बदली करावयास कर्मचारी नसतो. असतात फक्त समोर आरडाओरडा करणारे शेदीडशे सदस्य आणि एक घंटा. अशा शाळेत माणूस काय शिकेल? कोणाला बोलू द्यावे, कोणाला बसवावे, विरोधकाला दुखवल्यावाचून ठराव कसा पुढे न्यावा. लोकसभेच्या अध्यक्षाला दुसरे काय लागते? फ्रान्सची शाळा राज्यकर्ते घडवते आणि आपली सभापती घडवते, असे माझे अनुमान आहे.

अनुमानाला छिद्रे आहेत, ती लपवू नयेत. मावळंकर आणि पाटील हे महापालिकेचे नव्हे, नगरपालिकेचे होते, आणि नगराध्यक्षाकडे महापौराहून अधिक अधिकार असत. मनोहर जोशी मुख्यमंत्री होऊनच अध्यक्ष झाले. वल्लभभाईंनी तर अहमदाबादेत शिकलेला कारभार साऱ्या देशात वापरला. नेहरू अलाहाबादचे नगराध्यक्ष होते, राजेंद्रप्रसाद पाटण्याचे. आणि शिक्षण पुरेसे असते असेही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये गोंधळ आवरेना तेव्हा सुमित्रा महाजनांना काँग्रेसच्या २५ सदस्यांना ५ दिवसांसाठी निलंबित करावे लागले, आणि त्यावर मोठी टीका झाली. महापालिकेत शेजारच्या वॉर्डाचा विरोधक संध्याकाळी रस्त्यात भेटतो. दिल्लीत तो भेटतोच असे नाही.

कन्नड भाषकांत या शाळेचा ठळक विद्यार्थी म्हणजे बी. डी. जत्ती. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. राजा मराठी, प्रजा कन्नड. तेथील नगरपालिकेत सदस्य व मग अध्यक्ष, पुढे १९५८ ते १९६२ म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री, १९७४ मध्ये उपराष्ट्रपती, आणि फखरुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर फेब्रुवारी ते जुलै १९७७ कार्यवाहक राष्ट्रपती. उपराष्ट्रपती हाच राज्यसभेचा सभापती असतो, म्हणजे जत्तीही शेवटी आसनावरच आले! माझ्या अनुमानाला हा आधार म्हणावा की योगायोग, ते प्राध्यापक मंडळींनी ठरवावे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पैशाबद्दल न बोलता लेख संपवला तर वर्गमित्र हसतील. या शाळेची फी कोण भरतो? मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये जकात उठवून तिच्या जागी राज्याचा प्रवेशकर आणला. नगरपालिकांना त्याबदली ‘चुंगी क्षतिपूर्ती’ या नावाने अनुदान मिळू लागले. हिशेबात हा साधा फेरफार दिसतो. पण जकात ही गावाने स्वतः गोळा केलेली रक्कम होती, क्षतिपूर्ती ही राजधानीतून येणारी. स्वतःचे उत्पन्न असलेल्या संस्थेत अंदाजपत्रकावर भांडण होते. अनुदानावर जगणाऱ्या संस्थेत अनुदान कधी येणार एवढीच चौकशी होते. देवासला १९७० च्या दशकापासून नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. त्या गावच्या महापालिकेला आणि नोटा न छापणाऱ्या धारच्या नगरपालिकेला, दोघींनाही भोपाळकडेच पाहावे लागते. मध्य प्रदेशात पुढे महापौराची थेट निवडणूक व महापौर परिषद आली, आणि सभा चालवायला वेगळा सभापती. म्हणजे फ्रान्सच्या दिशेने एक पाऊल पडले. त्यातून उद्या कारभारी निघतील की नाही, हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात मात्र शाळेलाच सुटी पडली. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होता. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, सगळीकडे तीच स्थिती. आयुक्त हेच प्रशासक, त्यामुळे अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा वेगळा उरला नाही. मनोहर जोशी ज्या सभागृहात घंटा वाजवत असत, तेथे त्या वर्षांत नगरसेवकांची एकही सभा भरली नाही.