आपल्या नावाचं अंडं

आजचा शास्त्रभाग: योहान २०:११-१८



ईस्टरला घरी लेकरांसाठी अंडी शोधायचा खेळ ठेवायचा म्हटलं की मंडळीतलं कोणीतरी विचारतंच, "हे शास्त्रात कुठं आहे?" प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर सरळ आहे: कुठंच नाही. जुन्या काळी युरोपात ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास धरत नाहीत! साठलेली अंडी मग सणाला रंगवून खाल्ली जात. ससा बागेत अंडी लपवून ठेवतो, ही लेकरांना सांगायची गोष्ट १६८२ साली एका जर्मन वैद्याने लिहून ठेवली आहे. म्हणजे ही माणसांनी घातलेली रीत आहे, देवाची आज्ञा नाही. पण आजचा शास्त्रभागही शोधण्याचाच आहे, म्हणून या खेळातून तो लेकरांना शिकवता येतो.

मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी आहे. जो तिला हवा आहे तो समोर असूनही तिला तो माळी वाटतो. तिचा शोध कधी संपतो? प्रभू तिचं नाव घेतो तेव्हा. तिला तो सापडला, कारण त्याने तिला हाक मारली.

म्हणून आमच्या घरी प्रत्येक अंड्यावर एका लेकराचं नाव लिहिलेलं असतं. ज्याला जास्त सापडली तो जिंकला, असा हिशोब नाही. नाहीतर मोठी पोरं पळत सुटतात, आणि धाकटं रिकाम्या हाताने आईच्या पदराआड जातं. दुसऱ्याच्या नावाचं अंडं दिसलं तर उचलायचं नाही, त्याला हाक मारून बोलवायचं.

तयारी अशी करा. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो, आणि तेव्हा आपल्या परभणीचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पहाटेची उपासना आटोपून आल्यावर, ऊन तापायच्या आत खेळ उरका. उकडलेली अंडी बाहेर लपवू नका. अशा उष्णतेत तासाभरानंतर ती खाण्याजोगी राहत नाहीत. हळद, बीट किंवा कांद्याच्या सालीच्या पाण्यात रंगवलेली अंडी घरात ताटातच ठेवा. शिवाय शेजारच्या माळकरी घरातली लेकरंही येतात, त्यांना अंडं चालत नाही. लपवण्यासाठी कागदाची अंडी करा: छोटे फुगे फुगवून त्यावर खळीने वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा, सावलीत वाळवा, फुगा फोडून काढा आणि रंग द्या. खाऊ म्हणून शेंगदाण्याचे लाडू सगळ्यांना चालतात.

अंडी सात. प्रत्येकाला चीर पाडून आत एकेक वस्तू घाला: गाढवाचं चित्र, नाणं, टोक मोडलेला बाभळीचा काटा, खिळा, पांढऱ्या कापडाचा तुकडा, दगडाचा खडा. सातव्यात काहीच नाही. लेकरं जास्त असली तर एका अंड्यावर दोन नावं लिहा. धाकट्यांची अंडी उशीखाली, तुळईवर नव्हे! लपवणाऱ्याची इच्छा सापडावं हीच असते.

सातही सापडेपर्यंत एकही उघडायचं नाही. मग ज्याला सापडलेलं नसतं त्याच्यासाठी सगळं घर शोधायला लागतं. नंतर गोल बसून क्रमाने उघडा. यरुशलेमेतला प्रवेश, यहूदाने घेतलेला पैसा, काट्यांचा मुगुट, वधस्तंभ, तागाचं वस्त्र, कबरेवरची धोंड. प्रत्येक लेकरू आपल्या हातातल्या वस्तूची गोष्ट सांगेल.

सातवं अंडं मी मुद्दाम सगळ्यात अबोल लेकराच्या नावाचं करते. ते उघडतं, आत काही नाही, आणि चेहरा पडतो. दुसरी हसतातही. तेव्हा घाई करू नका. हळूच विचारा, "मरीया का रडत होती?" कबर रिकामी होती म्हणून. तिला वाटलं, आपलं उरलंसुरलंही कोणी नेलं. आणि तीच तर आनंदाची बातमी होती! ज्याच्या हाती काही लागलं नाही असं वाटत होतं, त्याच्याच हातात सणाची सगळ्यात मोठी गोष्ट होती. मरीयेलाच प्रभूने शिष्यांकडे निरोप घेऊन पाठवलं. तसंच त्या लेकरालाही सगळ्यांना मोठ्याने सांगू द्या: तो उठला आहे.

मनन करा: यंदा आपल्या गल्लीतलं कोणतं लेकरू कोणी बोलावलं नाही म्हणून येणार नाही? आजच त्याचं नाव एका अंड्यावर लिहा.

प्रार्थना: हे जिवंत प्रभू, आम्ही तुला ओळखलं नाही तेव्हाही तू आम्हाला नावाने हाक मारलीस. आमच्या अंगणात येणाऱ्या प्रत्येक लेकराला तुझी हाक ऐकू येवो. आमेन.