अंगावरील डाग व मज्जातंतूंच्या गांठी

दुसऱ्याच्या कातडीवर एखादा डाग किंवा गांठ दिसली, कीं मनांत प्रथम येते ती भीति. विचार मागाहून येतो, आणि कित्येकदां तो येतच नाहीं. ज्या विकारानें पीडलेल्या माणसांस ही लोकांची भीति रोगाइतकीच जाचते, अशा एका विकाराची माहिती येथें द्यावयाची आहे. त्यास न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणतात. सोप्या शब्दांत सांगावयाचें तर, मज्जातंतूंवर गांठी उत्पन्न करणारा हा विकार होय.

फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८८२ मध्यें या गांठींचा मज्जातंतूंशीं असलेला संबंध दाखवून दिला. विकाराचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, त्याचें मूळ मात्र १९९० मध्यें हातीं लागलें. सतराव्या गुणसूत्रावरील एक जनुक बिघडल्यामुळें तो होतो. दर ३,००० बालकांत सुमारें एकास तो असतो. त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांस तो आईकडून अगर बापाकडून येतो. उरलेल्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणासहि नसतां तो नव्यानें उद्भवतो. स्पर्शानें, श्वासानें किंवा एका ताटांत जेवल्यानें तो कोणासहि लागत नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

आतां या गांठी होतात तरी कां? गाडीवान बैलांस हांकतो, तसाच कासराहि हातीं धरतो. पेशींतहि वाढीस चालना देणारी व तिला आवर घालणारी अशा दोन्ही योजना असतात. या जनुकापासून बनणारें प्रथिन म्हणजे जणूं तो कासराच. प्रत्येक पेशींत जनुकाच्या दोन प्रती असतात. रुग्णाची एक प्रत जन्मापासूनच निकामी असते. पुढें एखाद्या पेशींतील दुसरीहि बिघडली, कीं कासरा सुटतो व ती पेशी अनावर वाढूं लागते.

लहानपणीं दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग व काखेंत बारीक ठिपके दिसतात. वयांत आल्यावर कातडीवर मऊ गांठी येऊं लागतात. या वरवरच्या गांठींचा कर्करोग होत नाहीं. मोठ्या मज्जातंतूंत पसरलेल्या खोल गांठींची गोष्ट निराळी. त्यांतील कांहींचा पुढें कर्करोग बनतो. शंभर रुग्णांपैकीं सुमारें ८ ते १३ जणांस आयुष्यांत केव्हां तरी तो होतो, व तोहि पुष्कळदां ऐन तारुण्यांत. गांठ झपाट्यानें वाढणें, कठीण होणें, सतत ठणकणें अथवा हातापायांतील शक्ति कमी होणें, यांपैकीं एकहि खूण दिसतांच विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें.

सावधगिरीचीं आणखीहि स्थळें आहेत. शंभरांतील सुमारें १५ मुलांस दृष्टीच्या मज्जातंतूवर गांठ होते, ती बहुधा सात वर्षांच्या आंत. म्हणून लहान मुलांचे डोळे दरसाल तपासावे. स्त्रियांस पन्नाशीपूर्वीं स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो. यास्तव तिसाव्या वर्षापासून दरवर्षीं तपासणी करण्याचा सल्ला देतात. रक्तदाबहि नियमानें मोजावा. कारण मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाल्यानें किंवा त्यावरील ग्रंथींत गांठ झाल्यानें तो वाढतो.

या रुग्णांचें आयुर्मान सरासरीनें ८ ते १५ वर्षांनीं कमी भरतें. परंतु सरासरी म्हणजे कोणा एकाचें भविष्य नव्हे. एकाच घरांत बापास केवळ डाग व मुलास मोठ्या गांठी, असेंहि घडतें. आणि पुष्कळ रुग्ण दीर्घ व उद्योगी आयुष्य जगतात. शस्त्रक्रियेनें न काढतां येणाऱ्या खोल गांठींसाठीं सेल्युमेटिनिब नांवाच्या औषधास अमेरिकेंत २०२० मध्यें मान्यता मिळाली. त्यानें अनेक मुलांच्या गांठी लहान झाल्या आहेत.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची, ती शाळेशीं संबंधित आहे. या विकाराच्या निम्म्याहून अधिक मुलांस वाचन, गणित किंवा लक्ष एकाग्र करणें जड जातें. त्यांस मठ्ठ म्हणणें हा अन्याय होय. कर्करोगाचा धोका ओळखणें डॉक्टरांच्या हातीं आहे. परंतु अंगावर डाग असलेल्या मुलाशेजारीं बांकावर निःशंकपणें बसणें, हें तुमच्या हातीं आहे. ज्यास आपले डाग लपवावे लागत नाहींत, तो आपली वाढती गांठहि लपविणार नाहीं; आणि वेळेवर दाखविलेली गांठ कधीं कधीं प्राण वांचविते.