तंजावुरात नवीन आलीस ना? मग हे ऐक

अगं, बँकेतल्या बदलीमुळं ये, नवऱ्याच्या हवाई दलातल्या पोस्टिंगमुळं ये, नाहीतर शिकायला ये. तंजावुरात आलेल्या मराठी मुलीचा पहिला महिना जड जातोच. बसवरची पाटी वाचता येत नाही, दुकानदाराला हिंदी कळत नाही आणि रात्री आईचा फोन आला की घसा दाटून येतो. तुझं काही चुकत नाहीये. फक्त काही गोष्टी आधीच कुणीतरी सांगायला हव्यात, म्हणून मी सांगते.

सगळ्यात आधी तमिळ अक्षरं शीक. व्याकरण राहू दे, नुसती अक्षरं. टाउन बसच्या पाट्या तमिळमध्ये असतात. जुना स्टँड गावात आहे आणि नवा गावाबाहेर. ही दोन नावं वाचता आली की निम्मी धास्ती संपते. साध्या टाउन बसमध्ये बायकांना 2021 पासून पैसे पडत नाहीत, तेव्हा बिनधास्त हिंड. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देईल, ते मात्र जपून ठेव.

हिंदीचा हट्ट धरू नकोस. मोडकंतोडकं इंग्रजी आणि चार तमिळ शब्द पुरतात. भाजीवालीला ‘अक्का’ म्हण, रिक्षावाल्याला ‘अण्णा’. शेजारीण जिन्यात भेटली की विचारेल, ‘साप्टिंगळा?’ म्हणजे जेवलात का? ‘साप्टाच्चु’ म्हणून हस आणि तिलाही तेच विचार. ओळख इथूनच सुरू होते.

घर घेताना ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून काही महिन्यांचं भाडं आधी मागतात, त्याची तजवीज ठेव. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि त्यातली पहिली 100 युनिट माफ असतात. आधीच्या भाडेकरूचं बिल राहिलंय का, ते किल्ली घेण्यापूर्वी बघ. पहाटे घरमालकीण उंबऱ्यापुढं पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाचं कोलम काढते. चिमटीतून पीठ सोडत आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती एकसलग फिरणारी रेघ. जरा वेळ शेजारी उभी राहा. दोन दिवसांनी ती तुझ्याच हातात पीठ देईल. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, सगळी गल्ली अशी सजते.

पावसाचं गणित मनातून बदल. जूनमध्ये माहेरी छत्र्या उघडतील आणि तू इथं घामानं निथळत असशील. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जूनमध्ये लोक वाट बघतात ती कावेरीच्या पाण्याची. मेट्टूर धरणात पुरेसं पाणी असेल, तर त्याचे दरवाजे 12 जूनला उघडायचा प्रघात आहे. कुरुवै भाताची लावणी त्याच पाण्यावर होते. वाळवणं मेमध्येच उरक आणि रेनकोट दिवाळीच्या आधी काढून ठेव. मोठ्या देवळात दुपारी जाऊ नकोस. दगड तापून पाय भाजतात आणि गाभारा बंद असतो. संध्याकाळी जा आणि निवांत बस.

आता जरा मनातलं. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजे इथं गादीवर बसले, ते भोसल्यांचं राज्य 1855 पर्यंत टिकलं. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. हे सगळं बघ, ऊर भरून येईल. पण शेजाऱ्यांपुढं ‘हे सगळं आमचंच’ असं म्हणू नकोस. देऊळ राजराज चोळाचं, 1010 सालचं. आणि आपले राजेही इथल्या भाषांत रमले. व्यंकोजींच्या मुलानं, शहाजीराजांनी, तेलुगूत नाटकं लिहिली.

इथल्या रायर मंडळींशी नक्की ओळख काढ. ती पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलतात आणि बाहेर अस्सल तमिळ. त्यांची मराठी तुझ्यापेक्षा वेगळी आहे, ती सुधारायला जाऊ नकोस, कान देऊन ऐक. कुणी डांगर पच्चडी वाढली तर पोटभर खा. उडदाचं पीठ, दही आणि वर फोडणी. माहेरची चव तिथं भेटेल.

शिवगंगा बागेतलं श्वार्ट्झचं चर्चही बघून ये. हा जर्मन पाद्री 1750 मध्ये तरंगमबाडीला उतरला, तमिळ शिकला, पुढं तंजावुरात राहिला आणि 1798 मध्ये इथंच वारला. लहानग्या सरफोजीला त्यानं सांभाळलं, शिकवलं. परका म्हणून आलेला माणूस राजघराण्याला आपला वाटला, कारण तो इथल्या लोकांच्या भाषेत त्यांच्याशी बोलत होता.

म्हणून कळकळीनं सांगते, पहिले सहा महिने खोलीत बसून पुणं-कोल्हापूर मांडायच्या मागं लागू नकोस. माहेर कुठं जात नाही. रोज एक नवा तमिळ शब्द आणि आठवड्यातून एकदा शेजारणीच्या घरची कॉफी, एवढा नेम धर. आणि सुरुवात उद्यावर ढकलू नकोस, आजच शेजारणीचं दार वाजव.